झोआंवरचा करडा स्पंज

माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतल्या झोआंच्या (झोअँथिड, म्हणजे दगडावर झुपक्याने वाढणारे कोरलांसारखे छोटे जीव) दगडावर करडा पातळ थर चढू लागला. आधी शेवाळ वाटलं. पण थर पॉलिपांच्या (झोआंच्या एकेका फुलासारख्या जिवाच्या) मुळाशी घुसून त्यांना मिटवायला लागला, तेव्हा कळलं की हा स्पंज आहे, म्हणजे पाणी गाळून जगणारा समुद्री प्राणी.

पहिली चूक म्हणजे टाकीतच ब्रशने घासलं. सुटलेले तुकडे दुसरीकडे चिकटून वाढले!

मग दगड बाहेर काढला. टाकीचंच पाणी घेतलेल्या बादलीत चिमट्याने थर सोलला, उरलेला जुन्या टूथब्रशने हलकेच काढला. हातमोजे आणि चष्मा हवाच. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. नंतर दगड दोन-तीन मिनिटं हवेत ठेवला. स्पंजच्या नळ्यांत हवा अडकली की तो बहुधा मरतो, झोआ मात्र तेवढं सोसतात. बादलीतलं पाणी थेट मोरीत. दर रविवारी हेच, चार वेळा.

मूळ कारण मात्र खाण्यात होतं. कोरलची पावडर मी रोज टाकायचो, ती आठवड्यातून दोनदावर आणली. आरओचं (टाकीसाठी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं) डीआय रेझिन, म्हणजे पाण्यात उरलेले क्षार शोषणारे दाणे, तेही बदललं, कारण ते संपत आलं की सिलिका आधी निसटते आणि बरेच स्पंज तिच्यावरच सांगाडा उभारतात.

संपमधले (मुख्य टाकीला जोडलेल्या, पाणी गाळायच्या टाकीतले) पांढरे, अननसासारखे छोटे स्पंज मी तसेच ठेवलेत. ते निरुपद्रवी, पाणी गाळतात बिचारे.