कुत्र्यांमधील गोचीड ताप : घरी काय पाहावे, काय करावे

पावसाळ्यात कुत्र्याला फिरवून आणल्यावर नुसते पाय पुसून थांबू नये. त्याला उजेडात बसवून कानांच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि पंजाच्या बोटांच्या बेचक्यांत चाचपून पाहावे, कारण गोचीड अशाच झाकलेल्या जागी चिकटते. रक्त प्यालेली मादी वाटाण्याएवढी फुगून राखाडी दिसते आणि पुष्कळदा चामखीळ समजून तशीच राहते.

गोचीड काढताना चिमटा तिच्या फुगलेल्या पोटाला न लावता अगदी कातडीलगत लावावा आणि पीळ न देता सरळ, सावकाश ओढावे. रॉकेल ओतणे किंवा काडीचा चटका देणे हे उपाय अजूनही सर्रास सांगितले जातात. ते कृपा करून करू नयेत. कातडी तर भाजतेच, शिवाय डिवचलेल्या गोचिडीची जंतुयुक्त लाळ जखमेत उतरण्याचा धोका वाढतो. काढलेली गोचीड नखाने न चिरडता स्पिरिटमध्ये टाकावी.

या लाळेतून एर्लिकिया किंवा बाबेसिया हे जंतू शरीरात शिरतात आणि साधारण 1 ते 3 आठवड्यांनी ताप येतो. कुत्र्याचे तापमान मुळातच 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे अंग गरम लागले एवढ्यावरून काही ठरवता येत नाही; हिरड्या पाहाव्यात. आमच्या कुत्रीने दोन दिवस भाकरीला तोंड लावले नव्हते आणि मी उकाड्याला दोष देत होते. तिसऱ्या दिवशी तिचा ओठ उचलला, तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पिठासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. हे दिसले, नाकातून रक्त आले किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे आणि प्लेटलेटसह रक्ततपासणी करून घ्यावी.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन बहुधा 28 दिवस देतात. चार-पाच दिवसांत कुत्रा खेळू लागतो आणि गोळ्या थांबवण्याचा मोह होतो. तसे करू नये. बाबेसियावरचा उपचार वेगळा असतो, म्हणून मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. माणसांची तापाची औषधे तर मुळीच देऊ नयेत: आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

घरात मांजर असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. कुत्र्यांच्या गोचीडनाशकांत पुष्कळदा परमेथ्रिन असते आणि ते मांजरासाठी विष आहे. कुत्र्याच्या मानेवर थेंब सोडल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे.

गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. ती भिंतींच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे दडते आणि तिथेच हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याचे अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावे, भेगा सिमेंटने बुजवाव्यात आणि गोचीडनाशक केवळ पावसाळ्यापुरते न वापरता पशुवैद्यकाने सांगितलेल्या अंतराने बारा महिने चालू ठेवावे.