कप्प्यातल्या शेवटच्या पिलाच्या पोटात खुराक कसा पोचवाल?

बारा डुकरांच्या कप्प्यात दोन-तीन भराभर भरतात आणि एखादं खुरटंच राहतं. खुराक तर पुरेसा घातलेला असतो. अशा वेळी जंताचं औषध झालेलं असेल, तर आधी गव्हाणीची लांबी मोजा.

पिलं कप्प्यात सोडताना वजनं जुळवून घ्या. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या पिलात दोन-तीन किलोंहून जास्त फरक नको. गट एकदा जमला की त्यात नवं पिलू घालू नका. पुन्हा मारामारी होते आणि दोन-तीन दिवस खाणं बिघडतं.

दोन वेळा मोजून खुराक देणार असाल, तर सगळ्यांची तोंडं एकाच वेळी गव्हाणीत गेली पाहिजेत. पिलामागे एक फूट धरा, म्हणजे १२ पिलांना १२ फूट. विक्रीला आलेल्यांना सव्वा फूट. जागा अपुरी असेल तर खुराक वाढवून काही होत नाही, वाढवलेलाही दांडगीच फस्त करतात. फुटाफुटावर लोखंडी गज लावले की कुणी गव्हाणीत आडवं होत नाही.

मक्याचा भरडा, सोयापेंड, गव्हाचा कोंडा आणि खनिज मिश्रण हा साधा खुराक. ३५ किलोंपर्यंत प्रथिनं १८ टक्के, पुढे १४ ते १६ पुरतात. १० पिलांना पाण्याचं एक निपल (तोंडात धरून दाबलं की पाणी देणारी तोटी) हवंच. हॉटेलचं खरकटं देत असाल तर अर्धा तास ढवळत खदखदून उकळा. २०२० मध्ये आसाममध्ये आलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या रोगावर औषध नाही, आणि तो उष्ट्यातूनही येतो.

खुराक घातल्यावर पाच मिनिटं तिथेच उभे राहा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मागे पडलेलं पिलू इतरांच्या पाठीमागे घुटमळतं, मधे तोंड घालतं, ढुशी खाऊन मागे सरतं आणि शेवटी रिकामी गव्हाण चाटतं. कानावर चाव्याचे ओरखडे दिसले तर तेच ते.

दर १५ दिवसांनी टेप घ्या. पुढच्या पायांमागचा छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, हे झालं अंदाजे वजन. घेर ०.८० आणि लांबी ०.८५ असेल तर सुमारे ३८ किलो.

मागे पडलेलं पिलू एकटं बाजूला काढू नका, दुसऱ्या भरलेल्या कप्प्यातही घुसवू नका. सगळ्या कप्प्यांतली अशी पिलं एकाच दिवशी काढून त्यांचा वेगळा, मोकळा कप्पा करा.