अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलचा घर्षण-वेल्ड वाकवताच तुटत असेल तर: माझा अनुभव

१६ मिलिमीटर व्यासाचा ६०६१ अ‍ॅल्युमिनियमचा रॉड त्याच मापाच्या ३०४ स्टेनलेस स्टीलच्या रॉडला घर्षण-वेल्डिंगने (एक रॉड फिरवत दुसऱ्यावर दाबून, घासण्याच्या उष्णतेने) जोडला, की सांधा बाहेरून निर्दोष दिसे आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला फ्लॅशही (सांध्यातून दाबून बाहेर आलेला धातू) नीट वळलेला असे. मात्र वाकवून पाहताच तो सांध्याच्या रेषेवरच कडकन तुटे आणि स्टीलच्या तोंडावर कडेने करडा, ठिसूळ पट्टा उरे. घर्षणाचा वेळ वाढवला, वेग वाढवला, स्टील खरबरीत करून पाहिले. सांधा अधिकच ठिसूळ झाला. वैताग आला.

तो पट्टा लोह-अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांचा असतो. उष्णता जितकी रेंगाळेल तितका तो जाड होतो, आणि परिघाकडे घासण्याचा वेग जास्त असल्याने तिथे तो आधी वाढतो. म्हणजे उष्णता कमी आणि दाब जास्त हवा होता.

प्रथम स्टीलचे तोंड लेथवर बारीक फीडने, अक्षाशी काटकोनात फेस केले (सपाट कापले) आणि मध्यावर टोक राहू दिले नाही. मग दोन्ही तोंडे अ‍ॅसिटोनने पुसली, बोट न लावता लगेच चकमध्ये धरली. अ‍ॅल्युमिनियमचा रॉड बाहेर अगदी थोडा ठेवला, कारण फोर्जच्या, म्हणजे फिरणे थांबल्यावर देण्याच्या जास्त दाबाखाली तो फुगतो. मिनिटाला १५०० फेरे आणि ४० मेगापास्कल दाबाने फक्त ३ सेकंद घर्षण दिले. ब्रेक लागून स्पिंडल थांबताच, मध्ये उसंत न देता, १२० मेगापास्कलचा फोर्ज दाब ५ सेकंद धरला.

आता तुकडा सांध्यात न तुटता शेजारच्या, उष्णतेने मऊ झालेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये वाकतो. व्यास बदलल्यास सर्वांत आधी घर्षणाचा वेळ नव्याने ठरवावा.