‘हळद भाव’ शोधणारा हळद घेत नाही: ऑनलाइन दुकानासाठी कीवर्ड शोधताना

कीवर्ड म्हणजे लोक गुगलच्या शोधपट्टीत टाकतात तो शब्द. हळदीचं ऑनलाइन दुकान काढणारा नवा माणूस पहिला शब्द उचलतो तो ‘वसमत हळद’. दिसायला शब्द बरोबर आहे. पण गुगलवर टाकून बघा: बाजारभाव, आवक, मोंढ्याच्या बातम्या. वसमत-हिंगोलीच्या पट्ट्यात हा शब्द टाकणारा बहुतेक वेळा शेतकरी असतो. त्याच्याच घरात हळकुंडांची पोती पडलेली असतात आणि त्याला क्विंटलचा भाव हवा असतो. तुमच्या पानावर तो येईल, भाव दिसला नाही की जाईल. त्यामुळं शब्द किती लोक शोधतात याच्या आधी कोण शोधतंय, ते बघायचं.

सुरुवात कुठल्याही टूलपासून करू नका, व्हॉट्सअ‍ॅपपासून करा. मागच्या हंगामातले गिऱ्हाइकांचे मेसेज काढा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे शीटमध्ये उतरवा. विकणारा म्हणतो सेलम, कांडी, पॉलिश. घेणारी बाई विचारते, ‘घरी दळलेली आहे का? भेसळ नाही ना? किलोला कितीला पडेल?’ तुमचे बीजशब्द, म्हणजे ज्यांच्यापासून पुढचा शोध सुरू करायचा ते शब्द, तिच्याकडं आहेत: घरगुती हळद पावडर, बिनभेसळ हळद, हळद पावडर 1 किलो. असे पंधरा-वीस शब्द पुरे.

प्रत्येक शब्दाचे चार रकाने करा: देवनागरी मराठी, रोमन लिपीतली मराठी, हिंदी आणि इंग्रजी. एकच बाई सासूसाठी ‘हळद’ शोधते आणि स्वतःसाठी ‘टर्मरिक पावडर’. रोमन स्पेलिंगची गंमत वेगळीच. हिमरू शालीचं दुकान असेल तर शेवटी यू टाकणारेही असतात आणि दोन ओ टाकणारेही. दोन्ही लिहून ठेवा.

मग गुगलच्या शोधपट्टीत एकेक शब्द अर्धवट टाइप करा आणि खाली येणाऱ्या सूचना टिपा. ब्राउझरची इन्कॉग्निटो (खाजगी) खिडकी उघडली तरी गुगलला तुमचं ठिकाण साधारण कळतंच. वसमतला बसून दिसतं ते पुण्यात दिसेलच असं नाही. पुण्यातल्या भाच्याला त्याच्या फोनवरून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा, काम भागतं.

शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो, त्या आकड्यांसाठी गुगल अ‍ॅड्सच्या (गुगलच्या जाहिरात सेवेच्या) आतला कीवर्ड प्लॅनर फुकट आहे. ठिकाण महाराष्ट्र ठेवा. सगळा भारत ठेवलात तर हिंदी शोध आकडे फुगवतात. इथं नवखे तीन ठिकाणी फसतात. जाहिरातीवर खर्च नसेल तर नेमका आकडा मिळत नाही, ‘100 ते 1 हजार’ असा पट्टा मिळतो. 120 आणि 900 दोन्ही त्यातच. जवळची स्पेलिंगं प्लॅनर एकत्र मोजतो, म्हणून दोन ओळींत सारखाच आकडा दिसला तर त्यांची बेरीज करू नका. आणि ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातदारांची चुरस सांगतो. फुकटच्या निकालांत वर येणं किती अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही.

शोधाचा चढउतार आलेखात दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्समधला 100 म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळातला तो सर्वोच्च बिंदू. त्याचा उपयोग हंगाम ओळखायला. पाच वर्षांचा आलेख लावा आणि वर्षाचा मसाला भरायच्या दिवसांत, एप्रिल-मेच्या आसपास, चढ दिसतो का ते बघा. दिसला तर पान जानेवारी-फेब्रुवारीतच चढवा. बीडच्या सीताफळाचं पान फळ बाजारात आल्यावर टाकलं तर ते गुगलवर वर येईतो हंगाम उरकलेला असतो.

आता चाळणी. उरलेला प्रत्येक शब्द गुगलवर टाकून पहिलं पान वाचा. सगळ्या रेसिपी असतील तर तिथं लेख चालेल, उत्पादनाचं पान नाही. वरपासून खालपर्यंत अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्ट असतील तर तूर्त सोडा. एखादं छोटं दुकान किंवा बचत गटाचं पान वर असेल, तर तो शब्द तुमचा. एका पानाला एकच शब्दगट द्या. अर्धा किलो आणि एक किलोची वेगळी पानं केली की आपलीच दोन पानं एकमेकांच्या आड येतात.

काही शब्दांना शोध असूनही हात लावू नये. ‘अमुक रोगावर हळद’ हा त्यातला एक. खाद्यपदार्थ विकताना रोग बरा होण्याचा दावा करता येत नाही. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ता नसाल तर त्या मानांकनाचं बोधचिन्ह पानावर लावू नका.

पान चढवून दोन-तीन महिने झाले की सर्च कन्सोल उघडा; आपलं पान गुगलवर कोणत्या शब्दांना दिसलं, हे दाखवणारं ते गुगलचं टूल. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात निकालांत पान दिसण्याची संख्या भरपूर पण सरासरी क्रमांक 8 ते 20, असे शब्द वेगळे काढा. त्यातले पुष्कळ तुम्ही कधी लिहिलेलेच नसतात. ‘लोणच्यासाठी हळद’ असा शब्द तिथं निघाला तर शीर्षक मोडू नका. वर्णनात लोणच्याला किती हळद लागते त्याच्या दोन ओळी घाला आणि महिन्याभरानं क्रमांक पुन्हा बघा.