लिबयूव्ही: सोर्स एक, बिल्ड फोल्डर वेगळे

वर्कशॉपमधला मशीनशेजारचा पीसी विंडोजवर, ऑफिसातला सर्व्हर उबंटूवर, कोड मात्र एकच, आणि त्यात लिबयूव्ही (नेटवर्क आणि फाईलची कामं प्रोग्रॅम न अडवता करणारी सी लायब्ररी). कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोलीत हे नेहमीचंच. अशा वेळी बिल्ड फोल्डर इकडून तिकडे कॉपी केलं की सीमेक (कोड कसा बिल्ड करायचा ते ठरवणारं टूल) अडून बसतं, कारण त्याच्या कॅशेत (जपून ठेवलेल्या सेटिंग्जमध्ये) जुन्या मशीनचा कंपायलर आणि पूर्ण पाथ बसलेला असतो.

१. सोर्स फोल्डरमध्ये बिल्ड करूच नका. ‘बिल्ड-विन’ आणि ‘बिल्ड-लिनक्स’ अशी दोन फोल्डर करा आणि दोन्ही गिटइग्नोरमध्ये (गिटनं दुर्लक्ष करायच्या फाईल्सच्या यादीत) टाका.

२. कॉन्फिगर करताना लिबयूव्हीच्या टेस्ट्स ऑफ ठेवा. नुसती लायब्ररी हवी असेल तर तेवढाच वेळ वाचतो.

३. लिंक करताना लायब्ररी फाईलचा पाथ हातानं लिहू नका, सीमेकचं टार्गेट (सीमेकमधलं त्या लायब्ररीचं नाव) द्या. विंडोजला विनसॉक आणि आयपी हेल्पर या नेटवर्कच्या लायब्ररी लागतात, लिनक्सला पीथ्रेड ही थ्रेडची. टार्गेट दिलं की ही सगळी वरात आपोआप मागून येते. इपोल (लिनक्सची) की आयओसीपी (विंडोजची), म्हणजे नेटवर्कवरचं काम झालं की कळवणारी कोणती सोय वापरायची, हेही लिबयूव्हीच ठरवतं. त्यासाठी आपल्या कोडात इफडेफ (सिस्टीमनुसार कोड वेगळा करणाऱ्या अटी) घालत बसू नका.

४. रिलीज बिल्ड (प्रत्यक्ष वापरायचा, वेगवान) हवा असेल तर लिनक्सवर मेकफाईल किंवा निंजा या बिल्ड चालवणाऱ्या टूल्ससाठी ते कॉन्फिगर करतानाच सांगायचं. व्हिज्युअल स्टुडिओत मात्र बिल्डच्या कमांडला सांगावं लागतं, नाहीतर गुपचूप डीबग (चुका शोधण्यासाठीचा, हळू चालणारा बिल्ड) तयार होतं!

एक मात्र बघा. वर्कशॉपमधल्या जुन्या पीसीवर अजून विंडोज ७ असेल तर लिबयूव्हीची सध्याची आवृत्ती तिथे चालणार नाही. तिला किमान विंडोज १० लागतं.