पिकलबॉल खेळणाऱ्या माणसाला भेट काय द्यावी? खानदेशातल्या घरांसाठी

धोंड्याच्या महिन्यात जावयाला ३३ अनारसे दिले, कपडे दिले, तरी सासूबाईंच्या मनात असतंच, "अजून काहीतरी त्यांच्या आवडीचं द्यायला हवं होतं." आता त्या आवडीचा पत्ता बहुतेक घरांना लागलेला आहे. जावईबापू पहाटे साडेपाचला उठून पिकलबॉल खेळायला जातात, म्हणजे पॅडल नावाच्या सपाट फळीने भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू नेटपलीकडे मारायचा खेळ. नुसते जावईच नाहीत. रेल्वेतून रिटायर झालेले भुसावळचे सासरे, कॉलेजात शिकवणारा दीर, दुकान उघडायच्या आधी तासभर घाम गाळून येणारा भाऊ, सगळे तिकडेच. प्रश्न एवढाच, की त्यांना द्यायचं काय? ऑनलाइन शोधायला बसलं की पॅडलच्या शेकडो चित्रांत डोकं गरगरतं आणि शेवटी पुन्हा शर्टाचं कापड घेतलं जातं.

ही भेट माणसाच्या स्वभावावरून कमी आणि तो ज्या कोर्टावर खेळतो त्यावरून जास्त ठरते. म्हणून सुरुवात कोर्टापासून करायची.

पहिलं काम: तो कुठे खेळतो ते काढून घ्या

हा खेळ १९६५ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर सुरू झाला. आपल्याकडे तो मुंबईच्या सुनील वालावलकरांनी आणला. कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. बॅडमिंटनच्या डबल्सचं कोर्टही एवढंच असतं. म्हणून जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावात पिकलबॉल सुरू करायला नवी जागा लागत नाही. बॅडमिंटनचा हॉल असतो, नेट कमरेएवढं खाली घेतात (मधोमध ३४ इंच, कडेला ३६), आतल्या रेघा टेपने आखतात आणि खेळ चालू. काही जण सोसायटीच्या किंवा शाळेच्या सिमेंटच्या अंगणात खेळतात. क्रिकेटच्या टर्फवर मात्र हा खेळ जमत नाही, हिरवळीवर चेंडू उसळतच नाही.

आता हॉल की सिमेंट, हे त्याला न विचारता कसं कळणार? त्याचे बूट उलटे करून पाहा. सिमेंटवर खेळणाऱ्याचा तळवा अंगठ्याखाली आणि बाहेरच्या कडेला झिजून गुळगुळीत झालेला असतो, रेघा दिसत नाहीत. मग पिशवीत हात घालून चेंडू काढा आणि भोकं बघा. लहान लहान ४० भोकं असली तर तो बाहेर खेळतो. मोठी २६ भोकं असली तर आत, हॉलमध्ये. एवढी हेरगिरी पाच मिनिटांत होते, तो आंघोळीला गेलेला असतानाच.

आणि एक फोन त्याच्या जोडीदाराला करा. पिकलबॉल बहुतेक डबल्सच खेळतात, त्यामुळे रोजचा एक भिडू ठरलेला असतो. "दादा, त्यांच्याकडे काय नाही?" एवढंच विचारायचं. बायकोला जे माहीत नसतं ते या भिडूला माहीत असतं.

संपणारी वस्तू आधी

भेट म्हणजे मोठी वस्तू, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. खेळाडूला मात्र सगळ्यात जास्त आनंद संपत आलेली वस्तू मिळाल्यावर होतो. चेंडू फुटतात आणि ग्रिप झिजते, वर्षभर.

चेंडूचं खानदेशात विशेषच. कडक प्लॅस्टिकचा हा चेंडू, वजन साधारण २२ ते २६ ग्रॅम. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तो मऊ पडतो, आकार सोडतो आणि उसळी मंदावते. उलट डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला पहाटे हुडहुडी भरते तेव्हा तोच चेंडू कडक होऊन तडकतो. तडा बहुतेकदा दोन भोकांच्या मधल्या पट्टीवर पडतो, डोळ्याला चटकन दिसत नाही. मारला की "ठक्" ऐवजी फुटका आवाज येतो आणि खेळणारे एकमेकांकडे बघतात. म्हणून डझनभर चेंडू ही अजिबात कमी दर्जाची भेट नाही. बाहेर खेळणाऱ्याला ४० भोकांचे घ्या, फ्रँकलिन कंपनीचा एक्स-४० बऱ्याच ठिकाणी चालतो. आत खेळणाऱ्याला २६ भोकांचे. दोन्ही मिसळून "कोणतेतरी लागतील" म्हणून घेऊ नका, अर्धे पडून राहतील. रंग भडक पिवळा किंवा पोपटी घ्या. पांढरा चेंडू चुन्याच्या भिंतीसमोर दिसत नाही.

दुसरी वस्तू ओव्हरग्रिप. पॅडलच्या मुठीवर वरून गुंडाळायची पातळ पट्टी, घाम शोषणारी. आपल्याकडे आठ महिने घाम हा वेगळा विषय घेऊन बसावा एवढा येतो. ओलसर, काळपट झालेली ग्रिप हातात फिरते, मग माणूस मूठ आवळून धरतो आणि संध्याकाळी कोपर धरून बसतो. शे-दोनशे रुपयांपासून पाकिटं मिळतात. डझनाचं खोकं द्या. बॅडमिंटनवाल्या दुकानात मिळणारी ओव्हरग्रिपही चालते, कारण वस्तू तीच आहे. त्यासाठी पुण्या-मुंबईहून मागवायची गरज नाही. सासरेबुवांनी खोकं उघडून "हाई काय शे भो?" विचारलं तर गुंडाळूनच दाखवा: मुठीच्या खालच्या टोकाकडून, पट्टीच्या निमुळत्या बाजूने सुरुवात करायची, थोडी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर जरासा चढवत वर यायचं आणि शेवटी सोबतची चिकटपट्टी लावायची. पट्टीवरची पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ चादर आधी काढायची असते. ती तशीच ठेवून खेळणारे आणि "ग्रिप घसरते" म्हणणारे महाभाग प्रत्येक क्लबात एकदोन निघतात.

बूट द्यायचे तर

बजेट बऱ्यापैकी असेल आणि एकच वस्तू द्यायची असेल तर माझं मत बुटांना. पळायचे बूट घालून खेळणारे अजूनही निम्मे असतील. त्या बुटांचा तळ जाड आणि मऊ असतो, सरळ पळायला तो बरा. इथे मात्र पावलं आडवी टाकावी लागतात, तेव्हा पाय बाहेरच्या कडेवरून मुरगळतो. साठीच्या आसपासच्या माणसाला तर हा खेळ सोपा वाटतो, म्हणून तो उंच चेंडू गाठायला मागे मागे धावतो आणि मनगटावर पडतो. बुटांनी सगळं टळत नाही, पण बरंच टळतं.

हॉलमध्ये लाकडी किंवा सिंथेटिक फरशी असेल तर डाग न पाडणारा, कच्च्या रबराच्या रंगाचा तळ असलेले बॅडमिंटनचे बूट. सिमेंटवर तेच बूट दोन-तीन महिन्यांत उडतात. तिथे टेनिसचे, कडक तळाचे हवेत. मापासाठी जुन्या बुटाच्या जिभेच्या आत शिवलेली चिठ्ठी बघा, आणि बूट एकाच कंपनीचे नसतील तर सेंटिमीटरमधला आकडा जुळवा. तरीही शंका असेल तर चुपचाप आणायचा हट्ट सोडा आणि त्यालाच संध्याकाळच्या वेळी दुकानात न्या. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात, तेव्हा घेतलेलं माप सकाळी टोचत नाही. घालून उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे करंगळीएवढी जागा उरायला हवी.

पॅडल: सगळ्यात मोहाची आणि सगळ्यात धोक्याची भेट

ज्याच्याकडे आधीच चांगलं पॅडल आहे त्याला दुसरं देऊ नका. हाताला बसलेलं पॅडल माणूस सहसा सोडत नाही. नवाकोरा माणूस असेल, किंवा तो लाकडी पॅडल घेऊन खेळत असेल, तेव्हा जरूर द्या. लाकडी संच स्वस्तात मिळतात, पण ते जड असतात आणि खांद्याला त्रास देतात.

दुकानात किंवा ऑनलाइन आधी वजन बघा. २१० ते २३० ग्रॅम बहुतेकांना झेपतं. टेनिस एल्बोचा, म्हणजे कोपर दुखण्याचा, त्रास होऊन गेलेला असेल तर जड पॅडलच्या वाटेला जाऊ नका. मग जाडी. पॅडलच्या पोटात मधमाशीच्या पोळ्यासारखी पॉलिमरची जाळी असते. १६ मिलिमीटर जाडीचं पॅडल चेंडूचा जोर पोटात घेतं, त्यामुळे नेटजवळ हळूच टाकायचा चेंडू नीट पडतो. १३-१४ मिलिमीटरचं जोरात मारतं. पन्नाशीच्या पुढच्या, डोक्याने खेळणाऱ्या माणसाला १६ चं घ्या. टेनिस खेळून आलेल्या पंचविशीच्या भाच्याला पातळ आवडेल. वरचा थर फायबरग्लासचा असला तर चेंडू उसळून जातो, कार्बन फायबरचा असला तर चेंडू धरतो आणि फिरकी देता येते. दाम मात्र कार्बनचे वाढतात.

आकारही बघा. १६ इंच लांब आणि ८ इंच रुंद हा नेहमीचा, चुका सांभाळणारा. साडेसोळा बाय साडेसातचा लांबुडका, दोन्ही हातांनी बॅकहँड मारणाऱ्यांचा. नियमाप्रमाणे लांबी १७ इंचांपेक्षा जास्त नको आणि लांबी-रुंदीची बेरीज २४ इंचांपेक्षा जास्त नको. स्पर्धा खेळणारा असेल तर पॅडलवर यूएसए पिकलबॉल या अमेरिकन संघटनेच्या मान्यतेची खूण आहे का ते पाहून घ्या. नामांकित ब्रँडचं पॅडल चौथाई किमतीत दिसलं तर ती नक्कल समजा.

मुठीचा घेर ४ ते साडेचार इंच असतो. त्याची मूठ मोजायची युक्ती सोपी आहे. हातातलं पॅडल नेहमीसारखं धरायला सांगा आणि बोटांची टोकं व तळहात यांच्या मधल्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी घाला. ती आरामात, पण सैल न पडता बसली तर माप बरोबर. दोन मापांत अडलात तर लहान घ्या. ओव्हरग्रिप चढवून लहान मूठ जाड करता येते, मोठी मूठ कमी करता येत नाही.

नवीन पॅडल घरी आल्यावर बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक वाजवून पाहा. एखाद्या जागी आवाज बसका, पोकळ आला तर आतली जाळी सुटलेली असू शकते. तेवढ्यासाठी बदलून मागा.

आता खानदेशी मुद्दा. उन्हाळ्यात पॅडल गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही. बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि आतला गोंद सुटतो. म्हणून पॅडलसोबत आतून उष्णतारोधक थर असलेली पिशवी देणं शहाणपणाचं. २०२६ चा अधिक ज्येष्ठ तर ऐन मे-जूनच्या उन्हातला, तेव्हा धोंड्याचं पॅडल देणाऱ्यांनी पिशवीही सोबत द्यावीच.

डोळे

नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांची जी पट्टी असते तिला किचन म्हणतात. तिच्या रेघेवर दोन्ही जोड्या समोरासमोर उभ्या राहतात तेव्हा अंतर १४ फूट. एवढ्या जवळून मारलेला चेंडू डोळ्यावर आला तर हात वर जायला वेळ मिळत नाही. पॉलिकार्बोनेटचे स्पोर्ट्स चष्मे किरकोळ भेट वाटतात, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या वडिलांना त्यापेक्षा चांगली भेट मला सुचत नाही. नंबरचा चष्मा असेल तर वरून घालायचा मिळतो, किंवा चष्मेवाल्याकडून नंबर टाकून घ्या. साध्या काचेचा गॉगल अजिबात नको.

टोपी, घाम पुसायचा नॅपकिन, थंड राहणारी पाण्याची बाटली, हे सगळं चालतं, फार विचार करू नका. बाटली लिटरभराची घ्या, उन्हाळ्यात अर्ध्या लिटरमध्ये भागत नाही. पाच-सहा मित्र मिळून साठाव्या वाढदिवसाला काही देणार असाल तर घडीचं, चाकांवर नेता येणारं नेट आणि रेघांचा टेप द्या. त्यात एका माणसाची नाही, अख्ख्या गल्लीची सोय होते. "पिकलबॉल किंग" छापलेले टी-शर्ट आणि पॅडलच्या आकाराचे मग मात्र तिथेच दुकानात राहू द्या.

देताना

बुटांच्या खोक्यातलं टॅग आणि पॅडलवरचं प्लॅस्टिक काढू नका, ते काढायचं सुख त्याचं त्यालाच मिळू द्या. बिल खोक्यात न ठेवता वेगळं जपून ठेवा. माप चुकलं तर बदलायला ते लागेल आणि किंमत बघून सासरे "एवढा खर्च कशाला" म्हणत बसणार नाहीत. पॅडल ऑनलाइन घेतलं असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत एकदा कोर्टावर नेऊन पन्नासेक फटके मारून घ्यायला सांगा. त्याआधी परतीचे नियम वाचा, कारण वापरलेलं पॅडल बरेच विक्रेते परत घेत नाहीत. जिथे घेतात तिथूनच मागवा.