चॅट विजेट बनवताय? गिऱ्हाइकाचा मेसेज वाटेत हरवू नये म्हणून या चुका टाळा

"अरं, मी उत्तर धाडलंय की! हे बघ, हितं दिसतंय. आणि गिऱ्हाईक फोन करून विचारतंय, दुकानात कुणी हाय का न्हाई?"

कोल्हापुरात पापाची तिकटीजवळच्या एका चप्पल दुकानाच्या गल्ल्यावर दुकानदार अण्णांनी मला हे ऐकवलं, तेव्हा मी बनवलेलं विजेट, म्हणजे दुकानाच्या साइटवरची गप्पांची छोटी खिडकी, चालू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. पुण्याच्या एका बाईंनी कापशी चप्पल 8 नंबरमध्ये आहे का, असं विचारलं होतं. अण्णांनी जोड बाजूला काढून ठेवला आणि "हाय, धाडू का?" असं टाईप केलं. त्यांच्या पडद्यावर ते ठळक दिसत होतं. बाईंच्या फोनवर काहीच नव्हतं.

चूक माझी होती, मी वापरलेल्या लायब्ररीची, म्हणजे तयार कोडची, नाही. कोपऱ्यातला गोल बुडबुडा, हिरवा रंग, "टाईप करत आहे" असे नाचणारे तीन ठिपके, या सगळ्यात मी आठवडा घातला होता. मेसेज पोचला की नाही, याचा विचार पाच मिनिटंही केला नव्हता. तेव्हापासून अशी चार-पाच विजेट बनवली. चपलांसाठी, गुळासाठी, एक फाउंड्रीवाल्यांसाठीही. पुढचं सगळं त्यात खाल्लेल्या ठेचांमधून आलंय. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात मेसेज ने-आण करायला मी सॉकेट डॉट आयओ ही लायब्ररी वापरतो, त्यामुळे उदाहरणं तिचीच आहेत.

पडद्यावर दिसलं म्हणजे पोचलं, असं धरून चालू नका

बाईंनी प्रश्न विचारला आणि फोन पर्समध्ये टाकला. स्क्रीन बंद झाली, थोड्या वेळाने जोडणी तुटली. त्याच वेळेत अण्णांचं उत्तर सर्व्हरवर आलं. सर्व्हरने ते पुढे पाठवलं, पण घ्यायला पलीकडे कुणीच नव्हतं. विषय संपला. सॉकेट डॉट आयओ मेसेजचा क्रम सांभाळते, पण पोचवण्याची हमी मुळात "जास्तीत जास्त एकदा" एवढीच असते. म्हणजे एकदा पोचेल किंवा अजिबात पोचणार नाही. तुटलेल्या गिऱ्हाइकासाठी सर्व्हर आपणहून काहीही राखून ठेवत नाही.

गिऱ्हाइकाच्या बाजूला प्रकार उलटा आहे. जोडणी तुटलेली असताना ब्राउझरमधून पाठवलेले मेसेज लायब्ररी पानाच्या मेमरीत साठवते आणि जोडणी आली की एकदम सोडते. ऐकायला बरं वाटतं. पण पान बंद केलं की ते गेले. आणि बटण दाबूनही काही होत नाही म्हणून माणूस आणखी दोनदा दाबतो, मग जोडणी येताच "किंमत किती?" तीन वेळा येऊन आदळतं.

उपाय असा. मेसेज आधी डेटाबेसमध्ये जाऊ दे, मगच पुढे. प्रत्येक मेसेजला ब्राउझरमध्येच एक आयडी द्या आणि सर्व्हरवर त्या आयडीला युनिक ठेवा, म्हणजे तोच मेसेज तीनदा आला तरी नोंद एकच होते. सर्व्हरकडून पोचपावती घ्या, टाइमआउट लावून घ्या, आणि ती येईपर्यंत मेसेजशेजारी घड्याळाचं चिन्ह दाखवा. पावती आलीच नाही तर "पुन्हा पाठवा" दाखवा. आणि जोडणी परत आली की विजेटने सर्व्हरला सांगावं, "माझ्याकडे अमुक क्रमांकापर्यंतचे मेसेज आहेत, पुढचे दे." हे शेवटचं वाक्य म्हणजे अर्धं विजेट. बाकी सजावट.

हा आयडी बनवायला बरेच जण ब्राउझरचं रँडमयूयूआयडी हे फंक्शन वापरतात. मीही वापरतो. त्यातली खोच अशी की ते फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर चालतं. लॅपटॉपवर सगळं ठीक, आणि त्याच वायफायवरच्या फोनवर 192.168 ने सुरू होणारा पत्ता टाकून उघडलं की "असं फंक्शनच नाही" म्हणून एरर. या एका गोष्टीने माझी एक अख्खी दुपार खाल्ली, म्हणून सांगून ठेवतो.

2023 मध्ये आलेल्या 4.6 आवृत्तीपासून लायब्ररीत 'कनेक्शन स्टेट रिकव्हरी' आहे. थोड्या वेळासाठी तुटलेल्या जोडणीचे मेसेज ती परत देते. वापरा, पण तिच्याच भरवशावर राहू नका. मुदत साधारण 2 मिनिटांची ठेवतात, आणि आपलं गिऱ्हाईक 2 मिनिटांत परत येत नाही. जेवून, भांडी घासून येतं. शिवाय सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि सगळं मेमरीतच असलं तर तेही जातं.

एकाच उत्तराचे तीन-तीन मेसेज

याची दोन कारणं मला वारंवार भेटली. एक म्हणजे मेसेज ऐकणारा कोड, म्हणजे लिसनर, जोडणी जुळल्यावर चालणाऱ्या 'कनेक्ट'च्या आत लिहिणं. जोडणी तुटून जुळली की कनेक्ट पुन्हा चालतो आणि आणखी एक लिसनर चिकटतो. सकाळी एक, दुपारी चार. लिसनर बाहेर, एकदाच लावा. दुसरं म्हणजे विजेटचा पडदा रिअॅक्ट या लायब्ररीत बनवत असाल, तर तिच्या यूजइफेक्टमध्ये लिसनर लावून जाताना तो काढायला विसरणं. रिअॅक्ट 18 पासून चुका पकडणाऱ्या स्ट्रिक्ट मोडमध्ये डेव्हलपमेंटला इफेक्ट मुद्दाम दोनदा चालतो, त्यामुळे हे लगेच उघडं पडतं. तेव्हा स्ट्रिक्ट मोड बंद करून "सुटला प्रश्न" म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं.

त्याच्याच जोडीची आणखी एक चूक: सॉकेट आयडीला, म्हणजे लायब्ररी प्रत्येक जोडणीला देते त्या आयडीला, गिऱ्हाइकाची ओळख समजणं. जोडणी नव्याने जुळली की साधारणपणे तो आयडी बदलतो. मग अण्णांच्या यादीत त्याच पुण्याच्या बाई पाच वेगवेगळ्या "पाहुण्या" म्हणून दिसतात. ओळख सर्व्हरने दिलेल्या टोकनने, म्हणजे खुणेच्या शब्दाने, ठेवा, तो ब्राउझरमध्ये जपा आणि जोडताना पाठवा. टोकन अंदाज करता येण्यासारखा नको. 1, 2, 3 असे क्रमांक दिलेत तर कुणीही दुसऱ्याचं बोलणं वाचू शकतो.

मराठी टाईप करणारं गिऱ्हाईक

इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे सापडत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

एंटर दाबला की पाठवा, हे सगळेच लिहितात. पण लॅपटॉपवर रोमन अक्षरांतून मराठी टाईप करणारा माणूस सुचवलेला शब्द पक्का करायलाही एंटर दाबतो. मग "मला कापशी" एवढाच मेसेज जातो, "चप्पल" मागून वेगळा. एंटरचा इव्हेंट हाताळताना शब्द अजून जुळवला जातोय का हे सांगणारं 'इझकंपोझिंग' तपासा, आणि सफारीसाठी कीकोड 229 आहे का तेही बघा, कारण तिथे फक्त पहिल्या तपासणीवर भागत नाही. पाठवायचं बटण तर हवंच.

दुसरी गोष्ट आकड्यांची. गिऱ्हाइकाने "८ नंबर" लिहिलं आणि आपोआप उत्तर देणारा भाग गप्प बसला. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला, म्हणजे मजकुरात नमुना शोधणाऱ्या सूत्रातला, अंकांचा शॉर्टकट फक्त 0 ते 9 हेच अंक ओळखतो, देवनागरी अंक त्याला अंक वाटतच नाहीत. नंबर फंक्शनला "८" दिलं तरी हाती 'एनएएन', म्हणजे "हा आकडा नाही", असं येतं. तपासणीपूर्वी देवनागरी अंक बदलून घेणारी एक ओळ लिहा. ऑर्डर क्रमांक, मोबाईल नंबर, पिनकोड, सगळीकडे ती लागते.

तिसरी गोष्ट मेसेज छाटण्याची. "कोल्हापुरी" हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा, पण त्याची लेंग्थ 10 येते, कारण मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. यादीत झलक दाखवायला पहिली 4 एककं कापलीत तर "कोल्" एवढंच उरतं. अख्खी अक्षरं वेगळी करून देणारा इंटल सेगमेंटर वापरा, तो आता सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे. किंवा छाटायचं काम पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसवर सोडा, ते जास्त सोपं.

थीम विजेटच्या अंगावर येते

दुकानाची साइट बहुतेक वेळा वर्डप्रेसवर असते, आणि तिच्या थीमने, म्हणजे तयार सजावटीने, सगळ्या इनपुटना 100 टक्के रुंदी, सगळ्या बटणांना जांभळा रंग देऊन ठेवलेला असतो. शॅडो डॉममध्ये, म्हणजे पानातल्या वेगळ्या कप्प्यात, विजेट ठेवा, यातलं बरंच थांबतं. बरंच म्हणतोय, सगळं नाही. फॉन्ट, रंग, ओळींमधलं अंतर, अक्षरांमधलं अंतर हे वारशाने आत येतंच. अक्षरांमधलं अंतर तर मराठीचा घात करतं: शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. होस्टवर, म्हणजे तो कप्पा ज्या एलिमेंटला जोडलाय त्यावर, सगळं मूळपदावर आणून मग स्वतःचं लिहा. ओळींमधलं अंतर 1 ठेवलंत तर खालचे उकार आणि वरचे रफार छाटले जातात. मी 1.5 च्या खाली जात नाही.

रेम हे सीएसएसमधलं माप शॅडो डॉमच्या आतही बाहेरच्या पानाच्या मुळाच्या फॉन्टवरूनच मोजलं जातं. थीमने मुळाचा फॉन्ट 62.5 टक्के केला असेल तर तुमचं विजेट बाहुलीच्या घरासारखं दिसेल. पिक्सेलमध्ये मापं द्या. आणि इनपुटचा फॉन्ट 16 पिक्सेलपेक्षा लहान नको, नाहीतर आयफोनवर टॅप करताच अख्खं पान झूम होतं.

बुडबुडा स्क्रीनच्या कोपऱ्यात न राहता पानाबरोबर सरकतोय? तो ज्या डब्यात आहे त्याच्या वरच्या कुणालातरी ट्रान्सफॉर्म हा सीएसएसचा नियम लावलेला असणार. विजेट थेट बॉडीच्या शेवटी जोडा.

जुळतच नाही तेव्हा

आधी कोड बदलायला घेऊ नका. ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कमध्ये वेबसॉकेटचा, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीचा, फिल्टर लावा. स्टेटसमध्ये 101 दिसलं तर जोडणी झाली आहे, बिघाड पुढे कुठेतरी आहे.

400 आणि "सेशन आयडी अननोन" दिसलं, आणि सर्व्हरवर एकाहून अधिक प्रोसेस चालू आहेत, तर एकाच गिऱ्हाइकाच्या विनंत्या वेगवेगळ्या प्रोसेसकडे जातायत. स्टिकी सेशन लावा, म्हणजे एका गिऱ्हाइकाच्या विनंत्या एकाच प्रोसेसकडे जातील, किंवा पोलिंग (पुन्हा पुन्हा विनंती पाठवून विचारणं) बंद करून फक्त वेबसॉकेट ठेवा. कॉर्सची, म्हणजे दुसऱ्या डोमेनवरून जोडायच्या परवानगीची, एरर असेल तर सर्व्हरवर दुकानाचं डोमेन लिहा. लायब्ररीच्या आवृत्ती 3 पासून ही परवानगी आपणहून चालू नसते. तारांकन टाकून सगळ्या जगाला परवानगी देऊ नका. प्रोटोकॉल आवृत्तीची तक्रार असेल तर जुन्या लेखातून आवृत्ती 2 चा क्लायंट, म्हणजे ब्राउझरकडचा कोड, उचलला गेलाय. एंजिनएक्सच्या, म्हणजे विनंत्या पुढे धाडणाऱ्या मधल्या सर्व्हरच्या, मागे असाल तर वेबसॉकेटसाठी लागणारे अपग्रेडचे हेडर पुढे जातात का बघा. आणि लायब्ररी न वापरता साधा वेबसॉकेट वापरत असाल, तर काही हालचाल नसली की एंजिनएक्स 60 सेकंदांनी जोडणी तोडतो, ही त्याची मूळ सेटिंग आहे.

यातलं काहीच नसेल तर होस्टिंग बघा. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर सतत चालणारी नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी) प्रोसेस सहसा टिकत नाही. साइट तिथेच राहू दे, चॅटचा सर्व्हर छोट्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या स्वतंत्र सर्व्हरवर, वेगळा ठेवा. हे दुकानदाराला काम घेतानाच सांगा. नंतर सांगितलं की "आता आणि पैसं कशाचं?" हे ऐकावं लागतं, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

गिऱ्हाइकाने लिहिलेलं इनरएचटीएमएलमध्ये टाकू नका

इथे वाद नको. इनरएचटीएमएल मजकुरातले टॅग खरेच चालवतं, टेक्स्टकॉन्टेंट ते साध्या अक्षरांसारखं दाखवतं, म्हणून टेक्स्टकॉन्टेंट वापरा. कुणी मेसेजमध्ये चित्राचा टॅग लिहून त्याच्या ऑनएररमध्ये स्क्रिप्ट घातली, तर ती गिऱ्हाइकाच्या नाही, दुकानदाराच्या पॅनेलमध्ये, म्हणजे तो उत्तरं देतो त्या पानावर, चालते. तिथे सगळ्यांचे पत्ते आणि मोबाईल नंबर उघडे असतात. तसंच, कुठल्याही सेवेची गुप्त की जावास्क्रिप्टमध्ये ठेवली म्हणजे ती चौकात चिकटवली. मिनिफाय केल्याने, म्हणजे कोड आवळून लहान केल्याने, काही लपत नाही.

"आम्ही ऑनलाइन आहोत"

माझ्या पहिल्या विजेटमध्ये ही ओळ कोडमध्येच लिहिलेली होती. रात्री 2 वाजताही आम्ही ऑनलाइन. खरी स्थिती दुकानदाराचं पॅनेल जोडलेलं आहे की नाही यावरून काढा, आणि नसेल तर "मेसेज ठेवा, उद्या सकाळी फोन करतो" म्हणा.

वर एक सूचनेची पट्टीही द्या, जी दुकानदाराला स्वतः बदलता येईल. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. अशा दिवशी "4 दिवसांत घरपोच" असं सांगणारं विजेट दुकानदाराला शिव्या खायला लावतं, आणि ती ओळ बदलायला त्याने तुम्हाला फोन करायचा, तर तुमच्याकडे तरी लाईट असेल कशावरून?

शेवटचं, आवाज. मेसेज आला की 'टिंग' वाजावं ही अण्णांची मागणी. माझ्याकडे वाजायचं, दुकानात नाही. सकाळी कॉम्प्युटर लावला की ब्राउझर कालचीच टॅब उघडायचा, अण्णा तिला हात न लावता चपला मांडायला जायचे. आणि पानावर कुणी एकदा तरी क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजवू देत नाही. आता पॅनेल उघडलं की आधी मोठं "दुकान उघडा" बटण येतं. उदबत्ती लावून झाली की अण्णा ते दाबतात, त्याच क्लिकवर आवाजाची परवानगीही मिळते आणि गिऱ्हाइकाला हिरवा ठिपका दिसतो. दाबायचं राहिलं, तर विजेट "मेसेज ठेवा" वरच थांबतं.